बंद दाराचा तास

तालीम ऐन रंगात आलेली असताना त्या मुलीनं हात वर केला आणि विचारलं, “बाई, तुमची ताई हसायची कशी?”

आता नाटकाच्या तालमीत कुणी हात वर करतं का? पण ह्या मुलीचं सगळंच तसं. वर्गानं तिचं नावच ‘शंका’ ठेवलं होतं, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. उलट नवीन शिक्षक आले की ती स्वतःच सांगायची, मला शंका म्हणतात. उंच होती, पाठांतर चोख होतं, म्हणून ताईचं काम तिच्याकडे आलं होतं. नाटकाचे सर आधीच घामाघूम झालेले. ते म्हणाले, “अगं बाई, तिथे आग लागलीय आणि तुला हसायचं सुचतंय?” “आगीत नाही हो सर, त्याच्या आधी. डबा खायला बसतात तेव्हा. ‘ताई हसते’ एवढंच लिहिलंय. मोठ्यानं हसते, की तोंडावर हात ठेवून, की नुसती गालातल्या गालात? मी आपलं रोज वेगवेगळं हसतेय, आणि कुणी काही बोलतच नाही.” सगळी मुलं हसली आणि मग सगळी पहिल्या रांगेकडे वळली, कारण तिथे बाई बसल्या होत्या. बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उभा जन्म शिकवण्यात गेलेल्या माणसाचं तोंड प्रश्न आला की आपोआप उघडतं, आत काही आहे की नाही हे नंतर कळतं. बाईंच्या आत काही नव्हतं. ताई हसताना दिसत होती. खांदे हलत होते, मान मागे गेली होती, डोळे बारीक झाले होते. चित्र सगळं जागच्या जागी होतं, फक्त त्याला आवाज नव्हता.

“मोठ्यानं,” बाई म्हणाल्या. म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे आपण आत्ता, ह्या क्षणी, मुलं वाट बघतायत म्हणून ठरवलं. “अशी?” मुलीनं विचारलं आणि ती मोठ्यानं हसली. रिकाम्या सभागृहात ते हसणं छपरापर्यंत गेलं. छान हसली पोरगी, अगदी मोकळी. “हो, साधारण अशीच,” बाई म्हणाल्या. “साधारण म्हणजे?” शंकेनं विचारलं, कारण शंकाच ती. पण सर ओरडले, पुढे चला, पुढे चला, अजून अख्खा शेवट बाकी आहे, आणि पोरं आपापल्या जागी पळाली. बाईंनी पुन्हा डोळे मिटून ताईला हसताना पाहिलं. तीच मान, तेच खांदे, आणि आता त्यातून त्या मुलीचा आवाज आला. त्यांनी डोळे उघडले, पुन्हा मिटले, पुन्हा तेच. इतक्या वर्षांत जिथे काहीच उरलं नव्हतं तिथे ह्या पोरीचं हसू एका मिनिटात जाऊन बसलं होतं, आणि बसलं ते काही उठायचं नाव घेईना.

तालीम चालू राहिली आणि बाई बघत राहिल्या. खरं तर बघण्यासारखं त्यात नवीन काय होतं? शब्द सगळे त्यांचेच. ह्या शाळेत आठवीपासून प्रत्येकाला ‘समाज आणि न्याय’ हा विषय घ्यावा लागायचा, गणितासारखाच, सुटका नाही. सरकारी शाळा, गोदामं आणि कारखाने यांच्या मधे कोंबलेली, भिंतींना पोपडे, पण विषय असे शिकवायची की भल्याभल्या शाळांना जमले नसते. मुली सुतारकाम शिकायच्या आणि मुलगे स्वयंपाक. मारामारी झाली तर कुणाला वर्गाबाहेर काढायचं नाही, दोघांना समोरासमोर बसवायचं आणि एकाचं पूर्ण होईपर्यंत दुसऱ्यानं ऐकायचं. शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं आपल्या वस्तीतला एक अन्याय हुडकायचा, त्याची चौकशी करायची आणि सगळ्यांसमोर उभं राहून मांडायचा. आजूबाजूचे दुकानदार म्हणायचे, ह्या शाळेतल्या पोराला रांगेत मागे ढकलून बघा, दुसऱ्या दिवशी निवेदन घेऊन येतं. आणि ह्या सगळ्या विषयाच्या मुळाशी बाई होत्या. पोरं त्यांना मागे ‘न्यायबाई’ म्हणायची आणि समोर नुसतं ‘बाई’. बाईंचा एक तास असा होता की त्याची नववीतली मुलं वर्षभर वाट बघायची. मोठ्या भावंडांनी त्याबद्दल सांगून ठेवलेलं असायचं: रुमाल ने, लागतो. त्याला सगळे ‘बंद दाराचा तास’ म्हणायचे. यंदा मुख्याध्यापकांच्या डोक्यात आलं की त्या तासाचं नाटक करावं, बाई आता लवकरच निवृत्त होणार, त्यांच्यामागे ते राहील. मुलांनी बाईंच्या तोंडचं जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि संवाद पाडले. कष्ट असे पडलेच नाहीत. बाईंचा तास मुळातच इतका घोटलेला होता.

सुरुवातीला तसं काही नव्हतं. शाळेतलं त्यांचं ते पहिलंच वर्ष. कामगारांच्या सुरक्षिततेचे कायदे असा धडा होता आणि वर्ग ढिम्म. कुणी खिडकीबाहेर बघतंय, कुणी बाकावर कोरतंय, मागे दोघांची कुजबुज. बाई तेव्हा तरुण होत्या आणि रडकुंडीला आल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, “माझी बहीण अशीच गेली. दाराला बाहेरून कुलूप होतं.” आणि वर्ग गप्प झाला. असं गप्प होणं बाईंनी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं, जेवढं माहीत होतं तेवढं. हॉस्पिटलच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारी मोठी लाँड्री होती. चादरी चोरीला जाऊ नयेत म्हणून पाळी सुरू झाली की मुकादम बाहेरून कुलूप घालायचा. दुपारी इस्त्रीच्या खोलीत आग लागली तेव्हा मुकादम जेवायला गेलेला, किल्ली त्याच्या खिशात. एक बाई तेवढी वरच्या झरोक्यातून बाहेर पडली, बाकीच्या सगळ्या दाराशी सापडल्या. ताई त्यांच्यातच. एवढंच माहीत होतं. आत काय झालं ते कुणाला माहीत असणार? घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. त्या दिवशी बाई घरी जाताना हलक्या हलक्या झाल्या होत्या. इतक्या वर्षांत ताईबद्दल त्या कुणाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या, आणि आज एवढी पोरं तिच्यासाठी गप्प बसली होती. आता यात कुणाचं काय वाईट झालं? काहीच नाही. उलट त्याच आठवड्यात एक मुलगा आपल्या आईच्या शिवणकारखान्यात गेला, तिथलं मागचं दार असंच बंद असतं हे बघून आला, आणि सगळ्या वर्गानं अर्ज करून करून ते उघडायला लावलं. तेव्हापासून दर वर्षी त्या तासानंतर मुलं घरी जाऊन विचारायची, तुमच्याकडे मागचं दार उघडतं का? त्यांच्यातलाच एक आज मोठा होऊन कारखाने तपासत फिरतो. हे सगळं खरं आहे, आणि बाईंच्या आयुष्यात याहून चांगलं काही घडलेलं नाही.

तालीम सुटल्यावर मुख्याध्यापकांनी त्यांना व्हरांड्यातच गाठलं. माणूस भला, पण उत्साह असा की समोरच्याला दम खायला उसंत नाही. कोण कोण पाहुणे येणार, कोणत्या शाळांचे शिक्षक येणार, ते सगळं एका दमात सांगून ते म्हणाले, “आणि नाटक संपलं की तुम्ही पाच मिनिटं बोला. ते झरोक्याचं सांगा. ताईंनी त्या बाईला खालून ढकललं आणि म्हणाल्या, ‘तू जा, तुझं मूल लहान आहे.’ दर वेळी अंगावर काटा येतो हो माझ्या.” बाई म्हणाल्या, “सर, ताईनंच ढकललं हे आपल्याला नक्की माहीत नाही.” मुख्याध्यापक हसले. “काहीतरीच काय! तुम्हीच तर सांगता.” ते खरंच होतं, त्याच सांगत होत्या. ती वाचलेली बाई म्हणाली होती की कुणीतरी मला खालून रेटा दिला, धुरात तोंड काही दिसलं नाही. एवढंच तिचं म्हणणं. पहिल्या वर्षी बाईंनी तसंच सांगितलं. पुढच्या वर्षी एका मुलीनं रडत विचारलं, “बाई, ती तुमची ताईच असेल का हो?” आणि बाई म्हणाल्या, “कदाचित असेल.” त्याच्या पुढच्या वर्षी प्रश्न कुणी विचारलाच नाही, तर बाईंनी स्वतःहून सांगितलं, कदाचित ती माझी ताईच असेल. मग कधीतरी ‘ताईच असणार’ झालं. मग एका वर्षी वर्ग फार दंगेखोर होता, त्या वर्षी ‘कदाचित’ही गेलं आणि ‘असणार’ही गेलं. लहान मुलाचं वाक्य कधी आलं ते बाईंना आठवतसुद्धा नव्हतं. खोटं बोलायचं म्हणून त्या एकदाही बोलल्या नव्हत्या. मुलं जिथे श्वास रोखायची तिथे त्या जरा जास्त थांबायच्या, जिथे चुळबूळ व्हायची तिथलं गाळायच्या. कुठलाही चांगला शिक्षक हेच करतो, आणि बाई चांगल्याच शिक्षिका होत्या.

घर लांब नव्हतं. एरवी त्या रमतगमत जायच्या, पण आज त्यांचे पाय भराभर पडत होते. वाटेत त्या ताईला शोधत होत्या. मनाशी म्हणत होत्या, हसू नाही तर नाही, दुसरं काहीतरी असं सापडू दे की ज्याला धरून आत शिरता येईल. ताईच्या मनगटावर इस्त्रीचा चट्टा होता. पण तो तासाच्या पहिल्या भागात येतो; त्याच्यावरून त्या मुलांना विचारतात, कामावर भाजलं तर औषधाचा खर्च कुणी करायचा? बरं, ती फणी. ताई आणि त्या एकच फणी वापरायच्या आणि रोज सकाळी तिच्यावरून घरात रण माजायचं. तेही तासात होतंच, मधल्या भागात, मुलांना हसवायला. मुलं एकदा हसली की पुढचं जास्त लागतं हे त्यांनी अनुभवानं ओळखलं होतं. ताईच्या कपड्यांना येणारा खळीचा आणि ब्लीचचा वास? तासात होता. ताई भिंतीकडच्या बाजूला झोपायची आणि झोपेत लाथा मारायची? तेही. पहिल्या पगारातून तिनं धाकटीला कंपासपेटी आणली होती. ते तर बाई शेवटाच्या जरा आधी सांगायच्या, आवाज किंचित खाली आणून. जे जे म्हणून हाताला लागे ते आधीच फळ्यापुढे उभं राहून सांगून झालेलं असे. आणि सांगितलेलं आठवत होतं. ज्याच्यावरून सांगितलं ते आठवत नव्हतं. चट्टा आठवायला गेलं की ‘चट्टा’ म्हणताना आपण मनगट कसं वर धरतो ते आठवायचं. रस्त्यात एका दुकानाच्या काचेत बाई स्वतःलाच दिसल्या: हात वर धरून चालणारी, पांढऱ्या केसांची एक बाई. त्यांनी हात खाली घेतला. मागून येणारी दोन कॉलेजातली पोरं फिदीफिदी हसली, आणि बाई दचकून थांबल्या, कारण क्षणभर त्यांना वाटलं की ताईचं हसू असंच होतं. पण नव्हतं. असं आता कुठलंही हसू ऐकलं की तसंच वाटणार होतं.

आईला विचारायचं. दुसरं कोण उरलं होतं? वडील केव्हाच गेले, लाँड्रीतल्या बायकांपैकी जी वाचली ती गाव सोडून गेली. आई होती, आणि आईचे कान शाबूत होते, डोकं तर बाईंपेक्षाही शाबूत. पण आईला ताईबद्दल विचारायचं बाई टाळतच आल्या होत्या. एकदा, फार पूर्वी, तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी हौसेनं आईला तासाला बोलावलं होतं. आई आली. धुतलेले कपडे घालून, केस नीट विंचरून, शेवटच्या बाकावर एका जाडजूड मुलाशेजारी दाटीवाटीनं बसली. बाईंनी त्या दिवशी सगळं पणाला लावून शिकवलं. मुलं रडली, मुख्याध्यापक रडले. आई रडली नाही. ती सबंध वेळ मन लावून ऐकत होती. शेवटी दोन मिनिटं शांत उभं राहायचं असायचं, त्या शांततेत आईनं त्या जाडजूड मुलाच्या कानाशी वाकून काहीतरी विचारलं. बाईंनी नंतर त्या मुलाला खोदून खोदून विचारलं तेव्हा तो घाबरत म्हणाला, “आजी म्हणाल्या, ही कुणाची मुलगी रे?” बाईंनी ते मनावर घेतलं नाही, दुःखात माणूस काहीही बोलतं अशी स्वतःची समजूत घातली. पण त्यानंतर आई शाळेत कधी आली नाही, आणि घरात ताईचा विषय आईनं कधी काढला नाही. बाईंनीही काढला नाही. त्यांना त्याची गरज कधी पडली नव्हती, त्यांचा विषय शाळेत निघतच होता.

घरी बाई ‘बाई’ नसत. दारात पाऊल पडलं की त्या धाकटी व्हायच्या, केस पांढरे झाले तरी. आई स्वयंपाकघरात टेबलाशी मटार सोलत बसली होती. दिवस कलला होता पण तिनं दिवा लावला नव्हता. शेंगा सोलायला दिवा कशाला लागतो, हे तिचं ठरलेलं. “सुटली का न्यायाची कचेरी?” तिनं मान वर न करता विचारलं. “सुटली.” “चहा झाकून ठेवलाय. गार झाला असेल तर तुझा तू गरम कर.” धाकटीनं चहा गरम केला नाही. ती समोरच्या खुर्चीवर बसली, दोन शेंगा उचलल्या, सोलल्या, दाणे भांड्यात टाकले. आईच्या बोटांचा वेग तिला गाठता येईना. काय बोलायचं याची तिनं रस्त्यात तयारी केली होती, आधी इकडचं तिकडचं, मग हळूच. पण ती सगळी विसरली आणि एकदम म्हणाली, “आई, ताई हसायची कशी गं?”

आईची बोटं थांबली. मग पुन्हा चालू झाली. “कुणाला हवंय?” तिनं विचारलं.

“मला.”

“नाटकाला हवंय.”

“नाटकाला पण. ती ताई झालेली मुलगी विचारत होती. पण तिचं जाऊ दे गं, मला हवंय. मला आठवत नाही, आई. दिसते, पण ऐकू येत नाही. आणि आज त्या पोरीनं हसून दाखवलं तर आता तिचाच आवाज येतोय. उद्यापर्यंत तोच पक्का होईल. तू एकदा सांग. नुसतं सांग, मोठ्यानं की हळू. बाकीचं मी आठवीन.”

आईनं तिच्याकडे पाहिलं. पोरीला ताप आहे का हे बघावं तसं पाहिलं. मग तिचे डोळे धाकटीवरून सरकले, खिडकीकडे गेले, आणि तिच्या तोंडावर काहीतरी हललं, ओठांच्या कोपऱ्यापाशी. आईला आत्ता, ह्या टेबलाशी बसल्या बसल्या, ते ऐकू येत होतं. दोघींच्या मधे मटारांचं भांडं होतं, आणि पलीकडे ताई हसत होती.

“तुला येतंय ऐकू,” धाकटी म्हणाली.

“रोज येतं.”

“मग सांग ना.”

“नाही सांगणार.”

हे तिनं इतकं साधं म्हटलं की धाकटीला वाटलं आपल्याच ऐकण्यात काही चुकलं. आई कधी कशाला नाही म्हणायची नाही. शिकते म्हणाली तेव्हा नाही म्हटलं नाही, लग्न करत नाही म्हणाली तेव्हाही नाही म्हटलं नाही. “रागावलीस माझ्यावर?” तिनं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता, आणि तिला त्याची लाज वाटली.

“रागावू कशाला? तू वाईट काय केलंस? तू लोकांची दारं उघडलीस. मला बाजारात बायका भेटतात, पोरं भेटतात, बाईंची आई म्हणून हातातली पिशवी घेतात. मला बरं वाटतं.” आईनं एक शेंग उकलली, आतली अळी बघितली, शेंग बाजूला ठेवली. “पण धाकटे, तू घरातलं एकेक उचलून नेलंस गं. ती फणी नेलीस. मनगटावरचा डाग नेलास. कंपासपेटी नेलीस. मी म्हटलं, जाऊ दे, पोरांच्या उपयोगी पडतंय, तिचंही नाव राहतंय. पण नेलं ते परत आणलं नाहीस. मी त्या दिवशी आले होते तुझ्या शाळेत. केवढी मोठी मुलगी उभी केलीस तू. शूर, शहाणी. मी बघत होते, आपली कुठे दिसते का. आपली तर भित्री होती, पाल दिसली की माझ्या मागे लपायची. अंधारात नळावर जायची नाही एकटी.”

ताई भित्री होती. धाकटीला पाल आठवली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली पाल, आणि ताई स्टुलावर चढलेली, झगा गोळा करून धरलेला. हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. हे तासात नव्हतं, कारण शूर मुलीच्या गोष्टीत ते बसलं नसतं. तिचे डोळे भरून आले. दाराशी ती किती भ्याली असेल, हे इतक्या वर्षांत तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. तासात ताई भीतच नव्हती. ती दुसऱ्यांना झरोक्यातून बाहेर ढकलत होती, तिला भ्यायला वेळ कुठे होता? धाकटी टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली, तोंडानं आवाज करून, लहानपणी रडायची तशी. आईनं तिला रडू दिलं. एक हात तिच्या डोक्यावर ठेवला, दुसऱ्या हातानं दाणे सारखे केले.

“मी कुणाला सांगणार नाही, आई,” धाकटी रडता रडता म्हणाली. “नाटकात नाही, शाळेत नाही. तुझ्या गळ्याची शपथ. फक्त माझ्यापुरतं.”

“सांगशील. तुझ्या मनात नसलं तरी सांगशील. एखाद्या दिवशी पोरं गप्प बसणार नाहीत, आणि तुझ्या तोंडून निघून जाईल. मग ती तसं हसायला लागतील, आणि मला ऐकू येईनासं होईल.” आईचा आवाज पहिल्यांदाच हलला. “एवढंच राहिलंय गं माझ्याकडे. हे मी माझ्याबरोबर नेणार.”

“आणि मी त्या मुलीला काय सांगू?”

“काय सांगायचंय? आठवत नाही म्हणावं. खरं तेच सांग.”

बाहेर दिवे लागले होते. आई उठली, सालं गोळा केली, भांडं घेऊन ओट्याकडे गेली. धाकटी तशीच बसून राहिली. आईच्या म्हणण्यातलं एक अक्षरही तिला खोडता येत नव्हतं. उद्या शंकेला काय सांगायचं ते तिनं ठरवायला घेतलं. आठवत नाही, असं सांगेन. ती मुलगी म्हणेल, मग तुमच्या आईंना विचारा की. विचारलं, म्हणेन. मग काय म्हणाल्या त्या? इथे धाकटी जरा थांबली. मुलं आता अगदी गप्प असतील. मग हळू आवाजात म्हणायचं: आई म्हणाली, एवढंच राहिलंय माझ्याकडे. म्हणायचं, आणि लगेच पुढे जायचं नाही. मागच्या बाकापर्यंत पोचू द्यायचं. तासाचा असा शेवट आजवर कधी जमला नव्हता, असं तिच्या मनात आलं, आणि मग तिला कळलं की आपण हेही घरातून उचललं.

ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या आईनं नळ सोडला. “दिवा लाव गं,” ती म्हणाली. धाकटीला उठता येईना.